येशू मोठा, म्हणजे नेमका कसा?

वर्गात, कॅन्टीनमध्ये, कधी नवरात्रात गरब्याहून परतताना रिक्षात, हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. "तुमचा येशू बाकीच्यांपेक्षा मोठा, असं तुम्ही लोक म्हणता ना? ते कशावरून?" विचारणारा बहुतेक वेळा भांडायला आलेला नसतो, त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. गोंधळ होतो तो उत्तर देणाऱ्याचा. एक तर आपण "अरे, सगळे सारखेच रे" म्हणून विषय मिटवतो, नाहीतर "आमचाच खरा" म्हणून मैत्रीत मिठाचा खडा टाकतो. पहिल्या उत्तरात आपण स्वतःच्या श्रद्धेशी प्रामाणिक राहत नाही आणि दुसऱ्यात समोरच्या माणसाशी.

ख्रिस्ती श्रद्धा येशूला आधीच्या संदेष्ट्यांपेक्षा श्रेष्ठ मानते, हे खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण "श्रेष्ठ" हा शब्द बायबलमध्ये कोणत्या अर्थाने येतो, मराठीत तो कसा उतरला आणि तो उच्चारताना कुठे घसरायला होतं, हे समजून घेतलं तर उत्तर देणं सोपं नाही, पण शक्य होतं. या लेखात तेवढंच करायचं आहे.

सुरतेला हा प्रश्न जुना आहे

मराठी साहित्य मंडळाच्या वाचकांना दादोबा पांडुरंग तर्खडकर माहीत असतात ते व्याकरणकार म्हणून. १८३६ साली त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पण हे दादोबा १८४० च्या दशकात आपल्या सुरतेत शिक्षक होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी इथे 'मानवधर्म सभा' स्थापन केली. दर रविवारी सभा भरायची. जातिभेद, भूतपिशाच, मंत्रतंत्र यांवर उघड चर्चा व्हायची. ईश्वर एक आहे आणि सगळ्या माणसांचा धर्मही एकच आहे, ही सभेची धारणा होती. लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी त्याआधीच सुरतेत येऊन स्थिरावले होते, बायबलचं गुजराती भाषांतर इथेच झालं होतं. म्हणजे ख्रिस्ती दावा दादोबांच्या कानांवर नक्कीच पडत होता. त्यांच्या विचाराचा धागा धरून गेलं तर प्रश्न सरळ आहे: देव जर सगळ्यांचा बाप, तर त्याचा एकच निरोप्या बाकीच्यांहून मोठा कसा?

त्याच्याही आधी, १५७९ च्या डिसेंबरात, तीन जेझुइट पाद्री दमणहून सुरतेला आले आणि इथून पुढे फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात गेले. रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस अशी त्यांची नावं. अकबराच्या इबादतखान्यात त्यांचे मुल्लामौलवींशी वाद झाले. कोणाचा धर्मग्रंथ खरा, कोणाचा गुरू मोठा, हेच वादाचे विषय. एका टप्प्यावर असं पुढे आलं की एकाने कुराण हातात घेऊन आणि दुसऱ्याने बायबल घेऊन आगीत शिरावं, जो जळणार नाही त्याचा धर्म खरा. पुढे काय झालं, याबद्दल समकालीन लेखकच एकमेकांना छेद देतात. मोन्सेरात लिहितो की ही देवाची परीक्षा पाहणं होईल म्हणून पाद्रींनी नकार दिला. बदायुनीच्या लेखनातही माघार ख्रिस्त्यांचीच आहे. अबुल फज्ल मात्र म्हणतो की पाद्रीच तयार होता, मागे सरले ते मुल्ला. एवढं खरं की आगीत कोणी शिरलं नाही.

ही आग लक्षात ठेवा. कारण मोठेपण आगीने सिद्ध करायचं का, हा प्रश्न बायबलमध्येही आहे आणि तिथे त्याचं उत्तर स्पष्ट आहे.

संदेष्टा म्हणजे कोण?

आधी शब्दाकडे बघू. जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात 'भविष्यवादी' असा शब्द भेटतो. तो वाचला की डोळ्यांसमोर पंचांग आणि पोपट येतो. आजच्या मराठी बायबलमध्ये 'संदेष्टा' आहे आणि तो जास्त बरोबर आहे. मोशे, एलीया, यशया, यिर्मया हे भविष्य सांगून पोट भरणारे लोक नव्हते. ते निरोप आणणारे होते, आणि तो निरोप बहुधा राजाला न आवडणारा असायचा. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा बळकावला तेव्हा एलीया त्याच्यासमोर उभा राहिला. यिर्मयाने यरुशलेमचा पाडाव होणार असं सांगितलं म्हणून त्याला चिखलाच्या विहिरीत उतरवलं. संदेष्टा होणं म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या दारात जाऊन नकोसं बोलणं.

मराठीतला 'प्रेषित' हा शब्द तर आणखी मजेशीर आहे. ख्रिस्ती माणूस प्रेषित म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पेत्र आणि पौल असतात. मुसलमान मराठी माणूस प्रेषित म्हणतो तेव्हा तो मुहंमद पैगंबरांबद्दल बोलत असतो. त्याच्या परंपरेत येशूसुद्धा, म्हणजे हजरत ईसा, फार आदराचे पैगंबर आहेत. एकच शब्द, दोन घरांत दोन अर्थ. म्हणून वाद घालण्याआधी, आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, हे विचारून घेतलेलं बरं.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला संदेष्ट्यांच्या बोलण्याची धाटणी महत्त्वाची वाटते. जवळजवळ प्रत्येक संदेष्टा बोलण्याआधी सांगून टाकतो की हे शब्द माझे नाहीत, परमेश्वराचे आहेत. तो अवतरणचिन्हांत बोलतो म्हणा ना. येशू तसं करत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, तो आधी जुन्या नियमाची आठवण करून देतो आणि मग थेट 'मी सांगतो' या अधिकाराने बोलतो. खून करू नका एवढंच नाही, मनात राग धरू नका. शेजाऱ्यावर प्रेम करा एवढंच नाही, वैऱ्यावरही करा. अवतरणचिन्हं निघून जातात. ऐकणारे लोक चकित झाले, असं मत्तय नोंदवतो, ते याच अधिकारामुळे. ख्रिस्ती दाव्याची मुळी इथे आहे: हा निरोप्या नाही, निरोप ज्याचा आहे तोच आहे.

पण त्याच प्रवचनात येशू हेही बजावतो की मी नियमशास्त्र आणि संदेष्टे रद्द करायला आलेलो नाही, पूर्ण करायला आलो आहे. हे वाक्य विसरलं की पुढचं सगळं बिघडतं.

चाकर आणि मुलगा

नव्या करारात या विषयावर सर्वांत सविस्तर लिहिलंय ते इब्री लोकांस पत्रात. लेखक कोण, हे निश्चित नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तर ते देवालाच ठाऊक असं म्हणून ठेवलं. पण त्याची मांडणी एखाद्या चांगल्या निबंधासारखी पायरीपायरीने जाते. सुरुवातीलाच तो म्हणतो की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे अनेक वेळा, अनेक प्रकारे बोलला आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला. वाक्याचा कर्ता बघा. दोन्हीकडे बोलणारा देव एकच आहे. म्हणजे जुनं बोलणं खोटं, नवं खरं, असा हा हिशोब नाही.

मग तो येशूची तुलना देवदूतांशी करतो, मोशेशी करतो, यहोशवाशी करतो, याजकांशी करतो. मोशेबद्दलचा तिसरा अध्याय मला सगळ्यांत स्पष्ट वाटतो. मोशे देवाच्या घरात विश्वासू होता, येशूही विश्वासू होता. फरक एवढाच की मोशे त्या घरातला चाकर म्हणून विश्वासू होता आणि येशू घरावरचा पुत्र म्हणून. हे आपल्या घरातल्या अनुभवाने कळतं. दुकानातला तीस वर्षं जुना मुनीम मालकाच्या मुलापेक्षा हुशार असू शकतो, जास्त कष्टाळू असू शकतो. तरीही नातं वेगळं आहे. इब्रींस पत्र हुशारीची तुलना करत नाही, गुणांची मार्कशीट लावत नाही. ते नात्याबद्दल बोलतं. म्हणूनच त्यात मोशेची निंदा करणारं एक अक्षर नाही.

अकराव्या अध्यायात तर लेखक चक्क जुन्या लोकांची हजेरी घेतो: हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब, संदेष्टे. एकेकाच्या विश्वासाचं वर्णन करतो. आणि शेवटी म्हणतो की आपल्याशिवाय ते पूर्णत्वाला जाणार नव्हते. याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे: त्यांच्याशिवाय आपल्यालाही जागा नाही. ज्यांना मागे टाकायचं असतं त्यांची नावं कोणी इतक्या मायेने घेत नाही.

आपल्या मिस्साविधीतही हेच दिसतं. बहुतेक रविवारी पहिलं वाचन जुन्या करारातलं असतं. ते आपण बसून ऐकतो. शुभवर्तमानाच्या वेळी उभे राहतो. बसणं आणि उभं राहणं यात तो 'श्रेष्ठ' आहे. पण दोन्ही वाचनं देवाचा शब्द म्हणूनच वाचली जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या नव्या वाचनसंग्रहामुळे, जुन्या कराराला रविवारच्या मिस्सामध्ये ही भरपूर जागा मिळाली. त्याआधी रविवारी तो फारसा ऐकायलाच मिळत नसे.

लूकचा नववा अध्याय

आता आगीकडे येऊ. ज्याला हा सगळा विषय एका बैठकीत वाचायचा असेल त्याने लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचावा. दहा मिनिटं लागतात.

सुरुवातीला लोक अंदाज बांधतायत. हा कोण? कोणी म्हणतं मेलेला योहान उठला, कोणी म्हणतं एलीया आला, कोणी म्हणतं जुन्यातला एखादा संदेष्टा परत आला. मग पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजारांना जेवण मिळतं. जुना करार माहीत असलेल्याला इथे लगेच अलीशा आठवतो. त्याने वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घातलं होतं. आकड्यांत बघितलं तर येशू कितीतरी पुढे. पण हीच गोष्ट सांगताना योहान एक तपशील देतो: लोक त्याला संदेष्टा म्हणू लागले आणि जबरदस्तीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. आकड्यांतलं मोठेपण त्याने स्वीकारलंच नाही.

त्यानंतर डोंगरावर त्याचं रूपांतर होतं. मोशे आणि एलीया त्याच्याशी बोलत असतात. पेत्राला वाटतं, तिघांना तीन मांडव घालावेत. म्हणजे "सगळे सारखेच" हे उत्तर पेत्रानेही देऊन बघितलंय! तेवढ्यात ढगातून वाणी होते: हा माझा पुत्र, याचं ऐका. आता हे दोघं येशूशी काय बोलत होते, ते फक्त लूक सांगतो. यरुशलेमात होणाऱ्या त्याच्या 'निर्गमना'बद्दल, म्हणजे त्याच्या मरणाबद्दल. मोशेने लोकांना मिसरातून बाहेर काढलं, त्याला निर्गमन म्हणतात. येशूचं निर्गमन क्रुसावर आहे. वैभवाच्या त्या क्षणीही बोलणं चाललंय ते मरणाचं.

डोंगरावरून खाली आल्यावर शिष्य कशावरून भांडतात? आपल्यात मोठा कोण, यावरून. येशू एका मुलाला जवळ घेतो आणि सांगतो, तुमच्यात जो सर्वांत लहान तोच मोठा. लगेच योहान तक्रार करतो की एक माणूस तुमच्या नावाने भुतं काढत होता, तो आपल्यातला नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केलं. येशू म्हणतो, मना करू नका.

आणि मग ते शोमरोनी गाव. येशू यरुशलेमला निघालाय म्हणून ते गाव त्याला उतरू देत नाही. शोमरोनी लोकांचं देवस्थान वेगळं होतं, यहूद्यांशी त्यांचं जुनं वैर. याकोब आणि योहान भडकतात. येशूने त्यांना गर्जनेचे पुत्र असं टोपणनाव उगाच नव्हतं दिलं. ते विचारतात, आकाशातून आग पाडून यांना भस्म करू का? ही कल्पना त्यांची नाही, ती एलीयाची आहे. राजाने धरायला पाठवलेल्या दोन सरदारांना त्यांच्या पन्नास-पन्नास माणसांसकट एलीयाने आकाशातल्या आगीने जाळलं, अशी कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. शिष्यांचं गणित साधं: एलीयाने आग पाडली, आमचा गुरू एलीयाहून मोठा, मग आग पडलीच पाहिजे.

येशू वळून त्यांनाच दटावतो. आणि सगळे दुसऱ्या गावाची वाट धरतात.

माझ्या मते संपूर्ण विषयाचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. एलीयापेक्षा मोठा असल्याचा पुरावा येशू एलीयापेक्षा मोठी आग पाडून देत नाही. आग पाडायला नकार देतो, हेच त्याचं मोठेपण. ज्या गावाने दार लावलं, त्या गावाला तो तसंच राहू देतो. फत्तेपूर सिक्रीच्या वादात मोन्सेरातचं म्हणणं खरं असेल, तर पाद्रींनी नकार देऊन त्या दिवशी आपल्या गुरूचाच धडा पाळला, असं म्हणता येईल.

मराठीतलं पहिलं आणि दुसरं पुराण

सुरतेच्या इतिहासात इंग्रज म्हटलं की १६०८ साली 'हेक्टर' जहाजातून आलेला विल्यम हॉकिन्स आठवतो. पण त्याच्या २९ वर्षं आधी, १५७९ मध्येच, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. हॉकिन्स वखारीची परवानगी मागत होता तेव्हा हा माणूस साष्टीत राहून मराठी ओवीत रमला होता. त्याचा ग्रंथ १६१६ साली राशोल इथे छापला गेला, रोमन लिपीत. तो आपण 'ख्रिस्तपुराण' म्हणून ओळखतो. मराठी भाषेच्या थोरवीच्या त्यातल्या ओव्या शाळेत बऱ्याच जणांच्या कानांवरून गेलेल्या असतात. ग्रंथाची रचना मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि आपल्या विषयाला तीच महत्त्वाची आहे.

ग्रंथाचे दोन भाग: पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या काळापर्यंत, म्हणजे जुन्या कराराची कथा. दुसऱ्यात येशूचं चरित्र. पहिल्याचे ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, दुसऱ्याचे ५९. एकूण ओव्या जवळपास अकरा हजार. ग्रंथाचं मूळ पोर्तुगीज शीर्षक येशूच्या जगात येण्याविषयी आहे, तरी तो येण्याआधी स्टीफन्स एक तृतीयांशाहून जास्त ग्रंथ पूर्वजांना आणि संदेष्ट्यांना देतो. इब्रींस पत्राचाच विचार, पण ओवीच्या चालीत: पहिलं असल्याशिवाय दुसरं कळत नाही.

इथे थांबून कौतुक करून पुढे गेलं तर लेख गोड होईल, पण अर्धा राहील. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो की आमची जुनी पुराणं तर बंद केलीत, मग लोकांना वाचायला दुसरं काही द्या. ती बंद कशी झाली, हे इतिहासाला ठाऊक आहे. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखाली साष्टीतली देवळं मोठ्या संख्येने पाडली गेली. १५८३ मध्ये त्याच साष्टीतल्या कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांत सुरतेवरून अकबराकडे गेलेला रोदोल्फो आक्वाव्हिवाही होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केलं. आम्ही कॅथलिक त्या पाच जणांना हुतात्मे म्हणतो. कुंकळ्ळीचे लोक आपल्या प्रमुखांना हुतात्मे म्हणतात. दोघांचं दुःख खरं आहे.

म्हणजे ज्या पुराणात मोशे आणि संदेष्ट्यांना ३६ अध्यायांचा मान मिळाला, त्या पुराणाच्या जन्मगावी शेजाऱ्यांच्या पुराणांना जागा राहिली नव्हती. स्टीफन्सची ओवी सुंदरच आहे, आणि त्याचं मराठीवरचं प्रेम खोटं नव्हतं. पण येशूच्या श्रेष्ठत्वाच्या मागे जेव्हा तोफा आणि फर्मानं उभी राहतात, तेव्हा ते शोमरोनी गावावर आग पाडण्यासारखंच होतं. तिथे याकोब-योहान जिंकतात आणि येशूचं दटावणं कोणाला ऐकू येत नाही.

एलीया अजून आपल्यात येतो

"आधीचे संदेष्टे" असं म्हणताना आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ते सगळ्यांसाठी "आधीचे" नाहीत. कोकणातले बेने इस्राएल लोक मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांच्याकडे मलिद्याचा विधी असतो. पोहे, साखर किंवा गूळ, खोबरं आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हानावीचं, म्हणजे आपल्या एलीया संदेष्ट्याचं, स्मरण करतात. लग्न ठरलं, नवीन घर घेतलं, नवस फिटला, की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळा गावात एलीया येऊन गेल्याची आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटल्याची त्यांची श्रद्धा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही केली.

म्हणजे आपण ज्याला मागच्या पानावरचा माणूस समजतो, तो मराठीतच कोणाच्या तरी घरी आजही पाहुणा म्हणून येतो. "येशू आला, आता एलीया-मोशेचं काम संपलं" असं वाक्य आपण सहज बोलतो, तेव्हा ते कोणासमोर बोलतोय याचं भान हवं. युरोपात हे भान शतकानुशतकं नव्हतं. त्याची किंमत यहुदी लोकांनी कशी मोजली, हे सांगायला नको. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हा दस्तऐवज जाहीर केला. त्यात सांगितलं की देव आपली देणगी आणि पाचारण मागे घेत नाही, यहुदी लोक आजही त्याला प्रिय आहेत. इतर धर्मांतलं जे सत्य आणि पवित्र, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असंही त्यात आहे.

याचा अर्थ ख्रिस्तसभेने येशूचं वेगळेपण सोडलं का? नाही. २००० साली 'दोमिनुस येजुस' या दस्तऐवजात तिने ते पुन्हा ठामपणे मांडलं, आणि त्यावर टीकाही झाली. दोन्ही दस्तऐवज एकाच ख्रिस्तसभेचे आहेत. ते एकत्र वाचणं अवघड जातं, हे मान्य. पण इब्रींस पत्रातही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारीच आहेत: पुत्र चाकराहून श्रेष्ठ, आणि चाकराचं घरातलं स्थान अढळ.

महाराष्ट्रात हा प्रश्न नारायण वामन टिळकांनी आपल्या पद्धतीने सोडवला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तुकोबांना त्यांनी कधी टाकलं नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. टिळक प्रोटेस्टंट होते, मी कॅथलिक आहे, आणि तुकाराम हे बायबलच्या अर्थाने संदेष्टे नाहीत, हेही खरं. पण पलीकडे गेलेला माणूस पूल जाळत नाही, ही गोष्ट टिळकांकडून शिकण्यासारखी आहे.

मग उत्तर काय द्यायचं?

मित्रांनो, कॅन्टीनमधल्या त्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देते. हो, मी येशूला मोशे-एलीयाहून मोठा मानते. तो त्यांच्याहून हुशार होता किंवा त्याचे चमत्कार जास्त होते म्हणून नाही. ते देवाचा निरोप घेऊन आले, तो देव स्वतः कसा आहे ते दाखवायला आला, असं मी मानते म्हणून. हे मी सिद्ध करू शकत नाही. ही श्रद्धा आहे, भूमितीतलं प्रमेय नाही. आणि देव कसा आहे? शिष्यांचे पाय धुणारा, दार लावणाऱ्या गावावर आग न पाडणारा, क्रुसावर टांगला गेलेला. असा देव ज्याला मोठा वाटतो, त्याला तो मोठेपणा दुसऱ्याच्या डोक्यावर आपटता येत नाही. आपटला, तर मी जे म्हणते तेच खोटं ठरतं.

समोरच्याला हे पटायलाच हवं असं नाही. दादोबांनाही कदाचित पटलं नसतं. सगळ्यांचा बाप एक, हे त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे. त्याच बापाने पूर्वी अनेक प्रकारे संवाद केला, हे तर इब्रींस पत्राचं पहिलंच वाक्य सांगतं. पुढच्या अर्ध्या वाक्यावर आमचं जमणार नाही, इतकंच. पण दर रविवारी कोणीही येऊन बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यावं, ही सुरतेतली त्यांची पद्धत मला लूकच्या नवव्या अध्यायापासून फार लांबची वाटत नाही.